बाई, असा त्रिकोण नसतोच!

आधी माझ्या चुकीचं बोलते. गेल्या अंकात शेवटी घरचा अभ्यास दिला होता: काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेंमी, कर्णावर टाकलेला लंब ६ सेंमी, तर क्षेत्रफळ किती? माझ्या मनात उत्तर होतं ३०. ज्यांनी कळवलं त्यांनीही ३० च कळवलं. मग नाशिकहून एका आजोबांचं आंतरदेशीय पत्र आलं. "बाई, पाया गुणिले उंची भागिले दोन, तीस आलं. नंतर हौसेनं आकृती काढायला बसलो. चहा दोनदा गार झाला, आकृती काही निघेना. असा त्रिकोण नसतोच ना?"

नसतोच, आजोबा. कर्णावरच्या लंबाने कर्णाचे दोन तुकडे पडतात आणि त्या दोन तुकड्यांचा गुणाकार लंबाच्या वर्गाइतका असतो. दहावीची मुलं याला भूमितीमध्याचं प्रमेय म्हणतात. लंब ६ हवा तर गुणाकार ३६ हवा. आता १० चे हवे तसे दोन तुकडे करा. १ आणि ९ चा गुणाकार ९, ३ आणि ७ चा २१, ४ आणि ६ चा २४. सगळ्यांत मोठा ५ आणि ५ चा, तो २५. छत्तीसला कुणी पोचत नाही. कर्ण हा व्यास धरून अर्धवर्तुळ काढलं तरी तेच दिसतं. काटकोनाचा शिरोबिंदू त्या अर्धवर्तुळावरच बसतो, त्रिज्या ५, मग तो ६ च्या उंचीवर चढणार कसा?

एकतीस वर्षं वर्गात "आधी आकृती काढा" म्हणून घसा बसवला, आणि स्वतः मात्र हा प्रश्न कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघताना ओट्यापाशी तोंडी रचला. ज्यांनी ३० कळवलं त्यांची काही चूक नाही, मास्तरणीवर विश्वास ठेवला एवढंच. या महिन्यात टपालात काटकोन त्रिकोणच जास्त आले आहेत, तेव्हा हा अंक त्यांचाच. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

माझी मुलगी दहावीत आहे. आकृतीत 'ब' पाशी काटकोन, 'ब' मधून कर्ण 'अक' वर लंब 'बड'. अड = ४, डक = ९. त्रिकोण अडब आणि त्रिकोण बडक यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर विचारलं होतं. तिने लिहिलं: दोन्ही समरूप, बाजूंचं गुणोत्तर ४ : ९, म्हणून क्षेत्रफळांचं १६ : ८१. क्लासमध्ये ते खोडून ४ : ९ लिहून दिलं, कारण सांगितलं नाही. ती म्हणते, "वर्ग करा म्हणून शिकवतात आणि केला की चूक देतात." मी कॉमर्सची, मला समजावता येईना. — एक आई, चिपळूण

ताई, ४ : ९ हेच बरोबर. पण तुमच्या लेकीने आळसापोटी चूक केलेली नाही. तिला समरूपता कळते, वर्ग करायचा हेही कळतं, फक्त जोड्या लावताना ती फसली. नुसती फुली मारून पुढे जाण्याजोगी ही चूक नव्हती.

या उत्तराकडे जायला दोन रस्ते आहेत. पहिला सोपा. दोन्ही त्रिकोणांचे पाये अड आणि डक एकाच रेषेवर आहेत आणि दोघांची उंची एकच, बड. उंची समान असली की क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात, म्हणजे ४ : ९. इथे वर्गाचा संबंध नाही. दुसरा रस्ता समरूपतेचा (आकार तोच, माप लहानमोठं), तिथे संगत, म्हणजे समान कोनांसमोरच्या, बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग. दोन्ही रस्ते एकाच गावात पोचायला हवेत. लेकीचा दुसरा रस्ता १६ : ८१ ला गेला, म्हणजे कुठेतरी फाटा चुकला.

तो फाटा असा. अड आणि डक एका ओळीत शेजारी पडलेले दिसतात, म्हणून डोळा त्यांचीच जोडी लावतो. पण ते संगत नाहीत. तिला पेन्सिलीने कोन 'अ' मध्ये टिंब आणि कोन 'क' मध्ये फुली काढायला सांगा. टिंब आणि फुली मिळून ९०. आता त्रिकोण अडब मध्ये 'अ' पाशी टिंब आणि 'ड' पाशी काटकोन, तेव्हा 'ब' पाशी उरली फुली. त्रिकोण बडक मध्ये 'क' पाशी फुली, तेव्हा 'ब' पाशी टिंब. पहिल्यात फुलीसमोर कोण? अड. दुसऱ्यात फुलीसमोर कोण? बड. ही खरी जोडी. तशीच टिंबासमोरची जोडी: पहिल्यात बड, दुसऱ्यात डक. म्हणजे लंब बड दोन्ही घरांत नांदतो, एका घरी थोरला आणि दुसऱ्या घरी धाकटा. लंबाचा वर्ग ४ × ९ = ३६, म्हणून लंब ६. पहिल्या त्रिकोणात काटकोनाच्या बाजू ४ आणि ६, दुसऱ्यात ६ आणि ९. गुणोत्तर २ : ३ आणि वर्ग केला की ४ : ९. दुसरा रस्ताही त्याच गावात आला.

वहीत ते पटलं नाही तर कात्री घ्या. मी दर वर्षी वर्गात हे करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून काटकोनाच्या बाजू १५ आणि २० सेंमी असलेला त्रिकोण कापा. कर्ण बरोबर २५ येतो. काटकोनातून कर्णावर लंब टाकला की तो १२, आणि कर्णाचे तुकडे ९ आणि १६. लंबावर कापून दोन तुकडे वेगळे करा. लहान तुकडा जागच्या जागी पाव फेरा फिरवा, पालथा करू नका. तो मोठ्या तुकड्याची लहान आवृत्ती होऊन त्याच्या काटकोनात बसतो. आणि त्या पाव फेऱ्यात तुकड्याची ९ ची कड जिथे लंब होता तिथे येते, १२ ची कड १६ वर येते. कोण कुणाची संगत बाजू हे हातालाच कळतं. मूळ अख्ख्या त्रिकोणाशी मात्र जुळवायचं तर दोन्ही तुकडे पालथे करावे लागतात, छापील बाजू खाली. या उलटापालटीमुळेच पोरं अडखळतात, असं माझं मत.

हे १५ आणि २० आकडे माझे नव्हेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' या ग्रंथात हेच घेतले आहेत. भुज-कोटी, म्हणजे काटकोनाच्या बाजू, १५ आणि २०, तर कर्ण सांग, आणि नुसता सांगू नकोस, रीत का चालते तेही दाखव. कर्ण माहीत नाही म्हणून त्याला 'या' म्हणायचं, आपल्या 'क्ष' सारखं. लंब टाकायचा. मग त्रैराशिक: कर्ण 'या' असताना १५ ही बाजू, तर कर्ण १५ असताना किती? २२५ भागिले 'या'. दुसरीकडून ४०० भागिले 'या'. कर्णाच्या या दोन तुकड्यांना ते आबाधा म्हणत. फार गोड शब्द, पुस्तकांतून गेला. दोन आबाधांची बेरीज म्हणजे कर्णच, म्हणून 'या' चा वर्ग ६२५ आणि 'या' २५. आपण ज्याला समरूपता म्हणतो ते त्यांचं त्रैराशिकच.

तुमच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांची क्षेत्रफळं काढलीत तर ५४ आणि ९६ येतील, अख्ख्याचं १५०. सहाने भागा: ९, १६ आणि २५. तीन समरूप त्रिकोण, त्यांचे कर्ण १५, २० आणि २५, आणि क्षेत्रफळं कर्णांच्या वर्गांच्या प्रमाणात. दोन तुकडे मिळून अख्खा होतो हे तर डोळ्यांसमोर आहे, मग १५ चा वर्ग अधिक २० चा वर्ग म्हणजे २५ चा वर्ग का होणार नाही? पायथागोरसचं प्रमेय कात्रीच्या एका कापात झालं. लेकीला हे दाखवलंत की ती क्लासवरचा राग विसरेल. निदान मी विसरले असते.

आम्ही दोघे भाऊ, जमीन वाटून घेतोय. शेत काटकोन त्रिकोणाचं. रस्त्याकडेची बाजू १९८ फूट, कोपऱ्यातून रस्त्याला काटकोनात गेलेला बांध २६४ फूट, तिसरी बाजू ओढ्याच्या कडेने तिरकी. २४ गुंठे भरतं. चुलते म्हणतात, बांधाच्या मधोमध खूण करून रस्त्याला समांतर नवा बांध घाला, वरचं धाकट्याला, खालचं थोरल्याला. शेजारी म्हणतो, काटकोनाच्या कोपऱ्यातून ओढ्यावर सरळ लंब टाका, दोघांना ओढा मिळेल. थोरला मीच आहे, पण चुलत्यांच्या वाटणीत मला जास्त येतंय असं वाटतं. कागदावर कसं दाखवू? — एक शेतकरी, बार्शी

दादा, स्वतःला जास्त येतंय म्हणून पत्र लिहिणारा थोरला भाऊ मी पहिल्यांदाच पाहिला. तुमचा अंदाज बरोबर आहे, आणि फरक थोडाथोडका नाही.

३३ फुटांच्या साखळीने मोजलं तर हिशेब तोंडी होतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. तुमची रस्त्याकडची बाजू ६ साखळ्या, बांध ८ साखळ्या. सहा आठे अठ्ठेचाळीस, निम्मे २४. ओढ्याची बाजू १० साखळ्या, म्हणजे ३३० फूट निघाली पाहिजे. मोजून बघा, कारण तेवढी निघाली नाही तर तुमचा काटकोन काटकोन नाही आणि खालचं सगळं लिहिणं फुकट.

आता चुलत्यांची वाटणी. मधोमध समांतर बांध घातला की वर जो त्रिकोण उरतो तो अख्ख्या शेताशी समरूप, प्रत्येक बाजू निम्मी. बाजू निम्म्या झाल्या की क्षेत्रफळ निम्मं होत नाही, पाव होतं. ३ साखळ्या आणि ४ साखळ्या, त्याचे ६ गुंठे. तुम्हाला १८, धाकट्याला ६! चुलत्यांच्या मनात काही नसेल, ही फसगत भल्याभल्यांची होते. माझ्या नातवाने टोस्टचा त्रिकोणी तुकडा बहिणीला असाच मधोमध आडवा कापून दिला होता, टोकाकडचा भाग तिला. तिला भूमिती येत नव्हती, पण भोकाड पसरायला तेवढी लागत नाही.

निम्मं क्षेत्रफळ हवं तर बाजू अशी हवी की तिचा वर्ग निम्मा होईल, म्हणजे २ च्या वर्गमुळाने भागायचं. मूळ बाजूच्या ०.७०७१ पट. २६४ ला ०.७०७१ ने गुणलं की सुमारे १८६ फूट ८ इंच. शेताच्या वरच्या टोकापासून बांधावर एवढं खाली मोजा, किंवा रस्त्यापासून ७७ फूट ४ इंच वर जा, तिथे खूण. तिथून रस्त्याला समांतर जाणारा नवा बांध १४० फुटांचा होईल. ताळा करा: १४० गुणिले १८६ फूट ८ इंच, त्याचे निम्मे, भागिले १०८९. बारा गुंठे येतात, वर इंचभराचा फरक सोडून.

शेजाऱ्याचा लंब भूमितीला सुंदर आहे, वाटणीला नाही. वर चिपळूणच्या ताईंना लिहिलं तेच इथे: तुकड्यांची क्षेत्रफळं ६ आणि ८ च्या वर्गांच्या प्रमाणात, ३६ : ६४, म्हणजे ९ : १६. चोवीस गुंठ्यांचे ८.६४ आणि १५.३६. लंबाऐवजी ओढ्याच्या बाजूचा मध्य घेऊन कोपऱ्याला जोडला तर बारा-बारा होतील आणि ओढाही निम्मा-निम्मा, पण रस्ता सगळा एकाकडे जाईल.

मला विचाराल तर वरच्या टोकापासून रस्त्याच्या मध्यावर सरळ रेघ मारा. दोघांना रस्ता ९९-९९ फूट, उंची एकच, म्हणून बारा-बारा गुंठे, वर्गमूळ लागतच नाही. तोटा एवढाच की दोन्ही पट्ट्या टोकाला चिंचोळ्या होतात, तिथे ट्रॅक्टर वळवताना शिव्या येतील. ओढाही एकाच्याच वाट्याला राहील, आणि ओढ्याचं पाणी, काळी माती, रस्त्याची किंमत यांचं गुणोत्तर माझ्या पट्टीने निघत नाही. ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. खुणा पक्क्या करण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या, आणि तुकडेबंदीचं काय ते तलाठ्याकडे विचारा. तो माझा प्रांत नव्हे.

काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर एक बिंदू घेतला. तिथून काटकोनाच्या दोन्ही बाजूंना समांतर रेषा काढल्या. एक आयत आणि दोन लहान त्रिकोण तयार झाले. त्रिकोणांची क्षेत्रफळं ९ आणि १६ चौ. सेंमी, तर आयताचं किती? एकही बाजू दिलेली नाही. मी चार बाजूंना चार अक्षरं मानली, समीकरणं मांडली, दोन पानं भरली. मागे उत्तर २४ दिलंय. माहिती अपुरी आहे की मीच अपुरा आहे? — दहावीतला विद्यार्थी, मिरज

तू पुरेसा आहेस, माहितीही पुरेशी आहे. तुला कुणी बाजू विचारल्याच नाहीत आणि तू बाजूंच्या मागे धावलास, एवढंच झालं.

रेषा समांतर आहेत, म्हणून दोन्ही लहान त्रिकोण आणि अख्खा त्रिकोण, तिघे समरूप. क्षेत्रफळं ९ आणि १६, म्हणजे बाजू ३ आणि ४ च्या प्रमाणात. आता दोन लहान त्रिकोणांचे कर्ण बघ. ते अख्ख्या कर्णावरच एकापुढे एक झोपले आहेत, मध्ये फट नाही. म्हणून अख्खा कर्ण ३ + ४ = ७ च्या प्रमाणात आणि अख्ख्याचं क्षेत्रफळ ४९. त्यातून ९ आणि १६ काढ. उरले २४. दोन पानांऐवजी दोन ओळी.

पण थांब, खरी गंमत पुढे आहे. बाजू न कळता आयत कसा कळला, ही तुझी शंका रास्त आहे आणि नुसतं उत्तर आलं म्हणून ती गिळू नकोस. आधी दोन वेगळे त्रिकोण घेऊन बघ. काटकोनाच्या बाजू ७ आणि १४ घेतल्या तर लहान त्रिकोण ३ व ६ चा आणि ४ व ८ चा, आयत ४ गुणिले ६. आता सडपातळ त्रिकोण घे, बाजू ३.५ आणि २८. लहान त्रिकोण १.५ व १२ चा आणि २ व १६ चा, आयत २ गुणिले १२. दोन्हीकडे ९, १६ आणि २४. आकार बदलला, आयत लांबोडा झाला, क्षेत्रफळ जागचं हललं नाही.

का? (अ + ब) चा वर्ग शिकवताना बाईंनी किंवा सरांनी चौरसाची आकृती काढली असेल: एका कोपऱ्यात 'अ' चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात 'ब' चा चौरस, उरलेल्या दोन कोपऱ्यांत अब चे दोन आयत. ती आकृती दोन लहान चौरसांमधून जाणाऱ्या कर्णावर काप. अर्ध्या भागात काय आलं? 'अ' चा अर्धा चौरस, 'ब' चा अर्धा चौरस आणि अब चा एक अख्खा आयत. हाच तुझा प्रश्न! फक्त तुझा त्रिकोण रबरासारखा एका दिशेने ताणलेला. ताणताना सगळ्या तुकड्यांची क्षेत्रफळं सारख्याच पटीने वाढतात, म्हणून तुकड्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं. सूत्र असं: दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, दुप्पट. ९ गुणिले १६ म्हणजे १४४, मूळ १२, दुप्पट २४.

हे सूत्र पाठ करू नकोस. सात-आठ महिन्यांनी परीक्षेच्या हॉलमध्ये दुप्पट की चौपट असा घोळ होतो. ३ आणि ४ मिळून ७, एवढं मात्र कुणी विसरत नाही.

आमच्या गणपती मंडळाच्या दारात १२ फूट आणि ६ फूट उंचीचे दोन बांबू उभे केले. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली. दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कंदील लावायचा आहे. तो जमिनीपासून किती उंच येईल? बांबूंमधलं अंतर अजून ठरलेलं नाही. — एक कार्यकर्ता, ठाणे

चार फूट. अंतर ठरवायची घाई नाही, ते काहीही ठेवलंत तरी चारच.

दोन उंचींचा गुणाकार भागिले बेरीज: ७२ भागिले १८. कारण असं की कंदिलापासून जमिनीवर लंब टाकला की दोन समरूप जोड्या मिळतात. एका जोडीत कंदिलाची उंची भागिले १२ हा अंतराचा एक हिस्सा, दुसरीत कंदिलाची उंची भागिले ६ हा उरलेला हिस्सा. दोन हिस्से मिळून पूर्ण एक. अंतर आपोआप गळून पडतं.

लीलावतीत, ११५० साली, हाच प्रश्न आहे. तिथे बांबू १५ आणि १० हातांचे, आणि मधली जमीन अज्ञात आहे असं भास्कराचार्य स्वतःच सांगून टाकतात. उत्तर ६ हात. पण त्यांच्या दोऱ्या कागदावरच्या, तुमच्या दोरीला कंदिलाच्या वजनाने झोळ पडणार. आणि चार फुटांवर लोंबणारा कंदील दर्शनाला येणाऱ्यांच्या छातीला लागेल. बांबू १८ आणि १२ फुटांचे घ्या, मग ७ फूट २ इंच मिळतील, झोळ धरूनही माणूस खालून जाईल.

पुढच्या अंकासाठी: काटकोन त्रिकोणात कर्णावर लंब टाकला. पडलेल्या दोन तुकड्यांची क्षेत्रफळं ९ आणि ३६ चौ. सेंमी. लंब किती आणि कर्ण किती? नाशिकच्या आजोबांसाठी खास: या वेळी आकृती काढून, पट्टीने मोजून पाहिली आहे. निघते.